दुसऱ्याच्या वेगाची खरेदी

मनुष्याच्या काही इच्छा अशा असतात की त्या मनात उत्पन्न होतात त्या काळी त्यांचे मोल त्याला परवडत नाही, आणि मोल आवाक्यात येते त्या काळी इच्छेचा विषयच वार्धक्याला टेकलेला असतो. माझ्या भाच्याच्या बाबतीत हा विषय म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हियाची ‘आरएस’ ही आवृत्ती. २००४ च्या सुमारास ही मोटार आपल्याकडे आली तेव्हा तो शाळेत होता. ज्या देशात कोणत्याही मोटारीची पहिली चौकशी ‘ॲव्हरेज किती देते?’ अशीच व्हायची, त्या देशात १.८ लिटरचे, टर्बोचार्जर जोडलेले, दीडशे अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पोटात घेऊन, प्रशस्त डिकीची आणि एखाद्या बँकेच्या व्यवस्थापकाला शोभेल अशा सभ्य मुद्रेची ही गाडी अवतरावी, एवढे त्या वयाच्या मुलांना वेड लावण्यास पुरेसे होते. तिचे सुटे भाग चेक देशातून येत आणि जोडणी तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत होई. त्यामुळे नाव परके असले तरी तिचा जन्मदाखला मराठवाड्याचा होता.

आज तीच गाडी एखाद्या चालू बनावटीच्या जुन्या छोट्या मोटारीच्या भावात मिळते, आणि इथेच माझ्या भाच्यासारख्या सुशिक्षित, हिशेबी आणि एरवी भाजीतही घासाघीस करणाऱ्या तरुणाचा विवेक सुटतो. गाडीचा भाव उतरला म्हणजे गाडी स्वस्त झाली असा त्याचा सिद्धांत. परंतु भाव उतरतो तो केवळ सांगाड्याचा. तिचा टर्बो, तिचा क्लच, तिची ब्रेकची तबकडी, तिला लागणारे संपूर्ण सिंथेटिक ऑइल, यांपैकी एकानेही मालकीणबाईंचे दिवस फिरले म्हणून आपला दर कमी केलेला नसतो. पहिल्या मालकाने ती धनिकाच्या मिळकतीतून पोसली; चौथ्याने ती आपल्या मिळकतीतून विकत घेतली खरी, पण पोसायची मात्र पहिल्याच्याच मिळकतीतून होती, आणि ती त्याच्याजवळ नव्हती.

म्हणून अशा गाडीची परीक्षा ही मला नेहमी तिच्या मालकांची परीक्षा वाटत आली आहे. साध्या मोटारीचा गतेतिहास बहुधा नीरस असतो. कचेरी, बाजार, दिवाळीला गाव, मे महिन्यात महाबळेश्वर. वेगवान मोटारीच्या वंशावळीत मात्र स्वभावांची मोठी विविधता आढळते. पहिला मालक बहुतेक वेळा डॉक्टर किंवा उद्योजक. हौस दांडगी, पण सर्व्हिस कंपनीतच. दुसरा खरा रसिक. त्याने तिला जपले आणि एक-दोन गोष्टी बदलल्याही. तिसऱ्याने तिला पहाटेच्या द्रुतगती मार्गावर आणि क्वचित कोइमतूर किंवा चेन्नईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळवले. आणि चौथा तो, ज्याला ती पळवताही आली नाही आणि सांभाळताही आली नाही. त्याने ऑइल बदलण्याची मुदत पुढे ढकलली, एका चाकाला महाग टायर आणि तिघांना हाताला लागतील ते टायर लावले, डॅशबोर्डावर लागलेला पिवळा दिवा पाहण्याची सवय करून घेतली. लोक तिसऱ्याला भितात. मी चौथ्याला भितो. तिसऱ्याने गाडीला कष्टवले, पण निदान तो बॉनेट उघडत असे.

भाच्याने पाहून ठेवलेली गाडी पुण्याच्या उपनगरातील एका सोसायटीत होती. मी, तो आणि माझ्या ओळखीचे एक मिस्त्री असे तिघे सकाळी लवकर गेलो, आणि लवकर जाण्याचा आग्रह मिस्त्रींचाच होता. कारण रात्रभर थंड पडलेले इंजिन सुरू होताना जे खरे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. विक्रेता सुस्वभावी होता. त्याने चहाची चौकशी केली, किल्ली पुढे केली. मिस्त्रींनी किल्लीकडे पाहिलेही नाही, त्यांनी बॉनेटवर तळहात टेकवला, क्षणभर तसाच ठेवला आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, हिला कोणीतरी आधीच उठवलीय.” बॉनेट कोमट होते. हे कोमटपण म्हणजे गुन्हा नव्हे. शेजारची गाडी बाहेर काढायलाही माणूस आपली गाडी हलवतो. पण ज्याला आपण येणार हे ठाऊक होते त्याची गाडी सकाळी सातला कोमट असेल, तर पुढची प्रत्येक गोष्ट दुप्पट बारकाईने पाहावी, एवढा बोध तो हात देऊन गेला.

मग बॉनेट उघडले. या इंजिनात ऑइल मोजण्याची पट्टी ज्या नळीत उतरते, त्या नळीच्या तोंडाशी नारिंगी प्लास्टिकचे एक लहानसे नरसाळे असते. उष्णतेने ते वर्षानुवर्षे शेकत राहते, कडक होते, आणि एक दिवस पट्टी ओढताना त्याचा तुकडा हातात येतो. वस्तू किरकोळ, किंमत किरकोळ. परंतु ज्या मालकाने ती तुटलेली तशीच ठेवून वर चिकटपट्टी गुंडाळली आहे, त्याने आत न दिसणाऱ्या किती गोष्टींवर चिकटपट्टी गुंडाळली असेल याचा अंदाज बांधायला ज्योतिष लागत नाही. आमच्यापुढच्या गाडीत चिकटपट्टी होती, आणि तीही दोन रंगांची. म्हणजे दुरुस्ती दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा झाली नव्हती.

ऑइलचे झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहावी. तिथे काळा, लोण्यासारखा घट्ट थर असेल तर हात जोडून परत यावे. कारण टर्बोचार्जर हे यंत्र विलक्षण निष्ठुर परिस्थितीत काम करते: एका बाजूने आठ-नऊशे अंशांपर्यंत तापणारा धूर त्याचे चाक फिरवतो, ते चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि ते ज्या आसावर फिरते त्या आसाला आधार असतो तो केवळ ऑइलच्या एका पातळ पडद्याचा. जोरात पळवून आणलेली गाडी दारात उभी करून मालकाने लगेच किल्ली फिरवली, की तो पडदा जागच्या जागी करपतो. असे अनेकदा झाले, त्यात ऑइल हलक्या प्रतीचे आणि मुदत उलटून गेलेले असले, की त्या करपण्याचाच गाळ होतो आणि बारीक वाटा बुजतात. जो मालक मुक्कामाला पोचण्याआधीचे शेवटचे थोडे अंतर सावकाश येतो आणि थांबल्यावर क्षणभर इंजिन तसेच चालू ठेवतो, त्याचा टर्बो त्याच्या स्वभावाची साक्ष देतो. विक्रेत्याला हा प्रश्न सरळ विचारू नये. त्याने परीक्षेची चक्कर संपवून गाडी लावताना काय केले, ते नुसते पाहावे.

कुलंटच्या टाकीतही एक कथा असते. या जातीच्या गाड्यांना गुलाबी रंगाचे कुलंट लागते; त्यात रस्त्यावरच्या गॅरेजात हिरवे किंवा निळे ओतले गेले की दोहोंचा मिळून तपकिरी चिखल होतो आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. टाकीतील रंग पाहायला वेळ लागत नाही, पण तो पाहणारे गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिले आहे. सारे डोळे अलॉय चाकांवर असतात.

धुराचे सांगायचे तर, सुरुवातीची थोडी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. ती टिकून राहिली आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आणि गाडी थोडा वेळ आयडलवर ठेवून एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर जर निळा लोट येत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलकडे किंवा टर्बोकडे बोट जाते.

परंतु या इंजिनाचा खरा प्राण एका रबरी पट्ट्यात आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. टाइमिंग बेल्ट नावाचा हा दातेरी पट्टा क्रँकशाफ्टची गती वरच्या कॅमशाफ्टला देतो. या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण वीस. पट्टा शाबूत आहे तोवर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना टाळत मिनिटाला हजारो वेळा ये-जा करतात. पट्टा तुटला की हा शिष्टाचार त्याच क्षणी संपतो, पिस्टन व्हॉल्व्हांवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि गाडीच्या किमतीच्या बरोबरीचा खर्च पुढ्यात येऊन पडतो. पट्टा तुटण्यापूर्वी आवाज करीलच असे नाही. तो वरून पाहून कळतो असे म्हणणारा मिस्त्री बदलावा. गाडी कमी चालली आहे म्हणून पट्टा चांगला असणार, हा युक्तिवाद तर पुरताच फसवा, कारण रबर किलोमीटरने झिजते तसे वयानेही मरते. शिवाय पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो आणि काही पंपांतले पाते प्लास्टिकचे असे, ते आतल्या आत फुटे. म्हणून पट्टा, त्याला ताणणारी कप्पी आणि पंप हे तिन्ही एकदमच बदलायचे असतात. ‘बदललाय हो, मागच्याच वर्षी’ हे तोंडी उत्तर खरे मानण्याचे कारण नाही. तारीख, किलोमीटर आणि तिन्ही वस्तूंची नावे असलेली पावती हाच पुरावा. पावती नसेल तर पट्टा बदललेला नाही असे धरून ती रक्कम किमतीतून वजा करावी आणि गाडी ताब्यात येताच पहिले काम तेच करावे.

आता एका नव्या संकटाचाही विचार करावा लागतो. गेल्या काही वर्षांत आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांना त्याचा लाभ आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ही गाडी बनली तेव्हा तिच्या इंधनाच्या नळ्या आणि सील या मिश्रणाचा विचार करून केलेल्या नव्हत्या. म्हणून बॉनेटखाली किंवा मागच्या सीटजवळ पेट्रोलचा मंद वास आला तर ‘जुन्या गाडीला येतोच’ या स्पष्टीकरणावर समाधान मानू नये.

विजेच्या बाबतीत एक जुनी युक्ती सांगून पुढे जातो. किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डावरचे इंजिन, एअरबॅग, एबीएस हे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. जो दिवा विझत नाही तो दोष सांगतो. जो लागतच नाही तो दोष लपवतो. मिस्त्रींनी स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला तेव्हा पडद्यावर एकही दोष नोंदलेला नव्हता. भाच्याचा चेहरा उजळला. मिस्त्री म्हणाले, “एवढी स्वच्छ पाटी शाळेतसुद्धा पहिल्याच दिवशी असते.” स्कॅनरच सांगत होता की गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या अद्याप अपुऱ्या आहेत, म्हणजे स्मरण नुकतेच पुसले गेले होते, आणि गाडी पुरेशी चालल्याखेरीज तिचे आजार तिला पुन्हा आठवणार नव्हते.

अपघाताच्या खुणा शोधण्याचे शास्त्र आता पुष्कळांना अवगत झाले आहे: दारांमधल्या फटी सारख्या आहेत का, मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग पाना लागून उडाला आहे का, स्टेपनीच्या खळग्यात पत्रा ठोकल्याच्या सुरकुत्या आहेत का. पुराच्या पाण्याविषयी मात्र लोक फारच निष्काळजी असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. त्या वाळवून, पुसून, अत्तर मारून गावोगावी विकल्या गेल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पुरानंतर ही बाजारपेठ भरते. अशा गाडीच्या गाद्या बदलता येतात. सीटबेल्ट मात्र कोणी बदलत नाही. तो शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा, आणि नेहमी आत गुंडाळून राहणाऱ्या त्या टोकाशी मातकट रेघ दिसली, तर पाणी कुठवर चढले होते ते त्या रेघेवरून वाचावे.

वेगवान गाडीचा आणखी एक खास रोग म्हणजे सुधारणा. मूळ दीडशे अश्वशक्ती कोणाला तरी अपुरी वाटते आणि तो संगणकाचा नकाशा बदलून घेतो. दुसरा मोठा सायलेन्सर बसवतो. तिसरा टर्बोचा सुस्कारा रस्त्याला ऐकू जावा म्हणून एक झडप बदलतो. यांतले काही काम जाणकारीने केलेले असते, हे मी नाकारीत नाही. पण वाढलेली शक्ती कुणाच्या तरी अंगावरून वसूल होते आणि ते अंग बहुधा क्लचचे असते. तो पाहायला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हळू वेगातून ॲक्सिलरेटर पूर्ण द्यावा: इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. माझा कौल नेहमी मूळ स्थितीतल्या गाडीला. आणि ती नसेलच, तर काढलेले मूळ भाग पेटीत घालून जपून ठेवणाऱ्या मालकाच्या गाडीला. ती पेटी मागून पाहावी. जो माणूस ती आणून देतो त्याच्याशी व्यवहार करायला मला आनंद वाटतो.

चालवून पाहताना गाणी बंद ठेवावीत, एवढे सांगितले तरी अर्धे काम होते. बाकी स्टीअरिंग एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर थरथर येते का, दुसरा गिअर टाकताना किरकिर होते का, हे कोणतीही गाडी घेताना पाहतात तेच. आपल्याकडच्या गतिरोधकांनी मात्र या खाली झुकलेल्या गाड्यांच्या पोटावर अनन्वित अत्याचार केले आहेत. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून ऑइलच्या पात्राला ठोका किंवा वेल्डिंग आहे का ते पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

राहता राहिला कागदपत्रांचा विषय, आणि इथे आपले लोक जमीन घेताना जी सावधगिरी बाळगतात तिचा दशांशही बाळगीत नाहीत. अर्ध्या गुंठ्यासाठी सातबारा, फेरफार, बोजा, वारसांच्या जबान्या अशी कैफियत खणून काढणारा माणूस मोटारीच्या बाबतीत नुसते आरसी बुक हातात घेऊन खूष होतो. वास्तविक मोटारीवरही बोजा असतो. बँकेचे कर्ज फिटले तरी ३५ क्रमांकाचा नमुना आरटीओच्या दप्तरी दाखल होऊन ती नोंद उतरली नसेल, तर गाडी अजून तारणातच आहे. चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक कागदाशी स्वतः ताडून पाहावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २००५ सालच्या गाडीची मुदत २०२० मध्येच सरली, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपयांवर गेले, नंतर अतिवृद्ध गाड्यांसाठी आणखी वाढले, आणि महाराष्ट्रात त्याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो तो वेगळाच. दिल्लीच्या बाजूची गाडी स्वस्त मिळते त्याचे कारणही यातच आहे: तिकडे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले. अशी गाडी आणायची तर ना-हरकत दाखल्याची खातरजमा आधी करावी, हेलपाटे नंतर मोजावेत.

आणि विकणाराही निर्धास्त राहू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे त्याच राज्यातल्या विक्रीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यायची असते. ती दिली नाही, नाव चढले नाही, आणि गाडी हातोहात तिसऱ्या-चौथ्याकडे जाऊन तिच्या हातून अपघात घडला, तर दप्तरी ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. सही केलेले कोरे नमुने देऊन मोकळे होणाऱ्यांनी हा निवाडा घराच्या भिंतीवर लावावा.

ती कोमट बॉनेटची गाडी आम्ही घेतली नाही. भाचा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, “मामा, तुम्ही गाडी बघायला गेला होता की मुलगी?” असेही त्याने एकदा ऐकवले. पुढे त्याला दुसरी आरएस मिळाली ती नाशिककडे, एका निवृत्त अभियंत्याजवळ: रंग काहीसा फिका, किलोमीटर पहिल्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त, किंमतही जास्त, आणि बरोबर एक जाड, दोरीने बांधलेली फाइल. तीत टाइमिंग बेल्टची पावती होती, पंपाची होती, टायरांची होती, आणि त्या नारिंगी नरसाळ्याचीसुद्धा होती. मिस्त्रींनी गाडीपेक्षा फाइलच अधिक वेळ पाहिली. सौदा ठरल्यावर भाच्याने किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवली. ती वर्ष संपायच्या आत संपली, आणि त्याविषयी त्याने एकदाही कुरकुर केली नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आज आपली जुनी, वेगवान, लाडकी गाडी विकायला काढली असेल, तर त्याला एक विनंती करावीशी वाटते. ती धुऊन-पॉलिश करून दाखवू नका, सकाळी आधीच चालू करून ठेवू नका. लोकांना थंड गाडी दाखवा, आणि किल्लीबरोबर पावत्यांची फाइल द्या.